दुसरं पान निपाणीला

पत्रक कसं लिहायचं हे मला ज्यांनी शिकवलं त्यांचा नियम साधा होता. पहिल्या ओळीत चपराक, दुसऱ्या ओळीत मागणी, शेवटी उद्गारचिन्ह. मधे काय घालायचं ते तुझं तू बघ, म्हणाले. कॉलेजात असल्यापासून मी तेच करत आले. कचेरीत मराठीतून कागद द्या! बसवर मराठी पाटी लावा! शाळेतली मराठी शिक्षकाची रिकामी जागा भरा! दिवसा मच्छे गावातल्या एका कारखान्याच्या ऑफिसात बिलं टाइप करायची आणि संध्याकाळी पत्रकं. यातल्या बहुतेक लढाया आम्ही हरलो. हरलं की मला चीड येते, आणि तीच चीड पुढच्या पत्रकाला पुरते.

म्हणून अजून नवल वाटतं, की इतक्या वर्षांत मला खरं हायसं वाटलं ते सगळ्या गावासमोर हरल्यावर.

नावं कुणाचीच लिहीत नाही. गावाचं नाही, लेखकाचं तर नाहीच. दोनचार खुणाही बदलल्या आहेत. आमच्या सीमाभागात अशी गावं पुष्कळ आहेत आणि प्रत्येक गावात एक तरी कवी आहे, त्यामुळं ओळख पटायची भीती नाही. शिवाय ज्यांच्यापासून हे लपवायचं ते आप्पा गद्य वाचत नाहीत. कविता वाचतात, त्याही स्वतःच्या.

थंडी पडली की आमच्याकडं गावोगाव साहित्य संमेलनं भरतात. ग्रंथदिंडी निघते, मांडवात दिवसभर भाषणं होतात, दुपारी सगळ्या गावाला जेवण. मोठ्या शहरातले लोक ऐकून हसतात. हसू देत. त्यांच्या संमेलनात रिकाम्या खुर्च्या असतात, आमच्यात माणसं खाली सतरंजीवर बसतात आणि तरी पुरत नाही. आमचा एक जुना रिवाज आहे. लांबून आलेल्या पाहुण्याला हॉटेलात उतरवायचं नाही. कमिटी एक घर ठरवून देते, त्या घरी तो जेवतो, झोपतो, आणि त्या घराला वर्षभर मान.

माझ्या जन्माच्या बऱ्याच आधी एक फार मोठे लेखक आमच्या संमेलनाला अध्यक्ष म्हणून आले होते. ते उतरले आक्का आणि आप्पांच्या घरी. आक्का गावच्या मराठी शाळेत बाई होत्या. मला अक्षरं त्यांनीच गिरवायला लावली. आप्पा त्यांचे यजमान, सोसायटीत कारकून, आणि गावचे कवी. त्या संमेलनात आप्पांनी गावच्या तळ्यावरची कविता म्हटली, आणि लेखकांनी स्टेजवरून उठून त्यांची पाठ थोपटली. ‘ही कविता मी विसरणार नाही,’ असं माइकवर म्हणाले. तेव्हापासून प्रत्येक संमेलनात आप्पा ती कविता म्हणतात. ‘तळ्याकाठी वड, अन् वडाकाठी तळं’ अशी ती सुरू होते आणि बराच वेळ वडापासून तळ्याकडं आणि तळ्यापासून वडाकडं ये-जा करत राहते. आम्ही पोरं ती पाठ म्हणून दाखवायचो आणि पळून जायचो. आप्पांना वाटायचं, नवी पिढी कविता पुढं नेते आहे.

परत गेल्यावर लेखकांनी आक्कांना पत्र लिहिलं होतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं होतं आणि त्यात आप्पांच्या कवितेचं कौतुक होतं, असं आक्कांनी घरी सांगितलं होतं. पुढं लेखकांची पत्रं गोळा करणारे एक गृहस्थ पुण्याहून आले आणि पत्र घेऊन गेले. ते गृहस्थ वारले, त्यांच्या मुलांनी सगळा संग्रह विकायला काढला, आणि गेल्या वर्षी मुंबईच्या एका लिलाव कंपनीच्या यादीत ते पत्र आलं.

मला ते मोबाइलवर दिसलं तेव्हा मी ऑफिसात होते. निळ्या शाईतलं तिरकं अक्षर, वर आमच्या शाळेचा पत्ता. खाली इंग्रजीत लिहिलेलं: थोर लेखकाचं एका ग्रामीण शिक्षिकेस खासगी पत्र, दोन पानं. फोटो फक्त पहिल्या पानाचा. दुसऱ्या पानाचा मजकूर विकत घेणाऱ्यासाठी राखून ठेवलेला. भाजीवाला पाटी झाकून ठेवतो आणि आधी पैसे मागतो, त्यातली गत. पहिल्या पानावर आक्कांच्या हातच्या पेजेचं वर्णन होतं, गावच्या दिंडीचं होतं, आणि शेवटची ओळ अशी होती: ‘आणि तुमच्या यजमानांच्या कवितेबद्दल सांगायचं तर’

तिथं पान संपत होतं.

संध्याकाळपर्यंत तो फोटो गावातल्या प्रत्येक मोबाइलवर गेला. मी गेले तेव्हा आप्पा बाहेरच्या सोप्यात मोबाइल डोळ्यांजवळ धरून बसले होते.

“पोरी, हे पुढचं पान कसं उलटायचं गं?”

“उलटत नाही आप्पा. फोटो आहे तो.”

“मग पुढं काय लिहिलंय?”

“ते जो घेईल त्याला दाखवणार.”

“आमच्या कवितेबद्दल लिहिलंय, आन् आमास्नीच दाखवणार न्हाईत?”

माझं डोकं फिरलं. खरंच की. पत्र आमच्या गावातल्या बाईला लिहिलेलं, कविता आमच्या तळ्याची, आणि वाचणार कोण, तर मुंबईतला कुणीतरी तिजोरीवाला! त्याच रात्री जेवता जेवता पत्रक लिहिलं. ‘आमचं पत्र आमच्या गावाला द्या!’ सकाळी वडगावातल्या प्रेसवर गेले. शेजारच्या घरात माग चालू होते, त्या खडखडाटात प्रेसवाल्याला ओरडून सांगावं लागलं, की मथळा अजून मोठा करा. पत्रकात मी लिहिलं होतं, की सीमाभागाचा ठेवा सीमाभागाबाहेर चालला आहे, आणि तो बाहेर गेलाच कसा याची चौकशी झाली पाहिजे. पुण्याच्या गृहस्थांना चोर म्हटलं नव्हतं, पण वाचणाऱ्याला तेच वाटेल अशी व्यवस्था केली होती.

कमिटीची बैठक वाचनालयात झाली. आमच्या कमिटीचे सेक्रेटरी अण्णा, त्यांचं पेंटचं दुकान आहे, आणि नियमांची वही त्यांच्या डोक्यातच असते. वर्गणी काढून लिलावात उतरायचं ठरलं. माझी इंटरनेटशी ओळख मोठी, म्हणून बोली लावायचं काम माझ्याकडं. किती चढायचं याचा ठराव झाला. आणि मग अण्णांनी चष्मा पुसत सांगितलं, “पत्र मिळालं की यंदाच्या संमेलनात संदेशवाचनात घ्यायचं. पुरं वाचायचं. दोन्ही पानं.”

हा आमचा दुसरा नियम. जे मोठे लोक येऊ शकत नाहीत ते पत्र पाठवतात, आणि ती पत्रं अध्यक्षांच्या भाषणाआधी स्टेजवरून वाचली जातात. कधी काळी एका सेक्रेटरीनं एका पत्रातली टीका गाळून वाचली होती, त्यावरून गावात दोन तट पडले. तेव्हापासून नियम: स्टेजवर पत्र वाचलं तर पहिल्या शब्दापासून सहीपर्यंत, नाहीतर वाचायचंच नाही.

“आणि वाचणार मी सोता,” आप्पा म्हणाले. टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात माझ्या.

दुसऱ्या दिवशी मी आक्कांकडं गेले. पत्रकाची दुसरी आवृत्ती काढायची होती आणि त्यात त्यांचं चार ओळींचं निवेदन हवं होतं. आप्पा घरी नव्हते. ते बाजारात चहाच्या गाडीवर पत्राचं पहिलं पान लोकांना वाचून दाखवत होते. आक्का स्वयंपाकघरात शेंगा फोडत बसल्या होत्या. माझं पत्रक शेंगांच्या डब्याखाली होतं, घडी करून.

“बस. दार लोटून घे.”

दार लोटलं. त्यांनी पत्रक काढून माझ्यासमोर ठेवलं.

“कोण चोर गं?”

“ते पुण्याचे. पत्र घेऊन गेले ते.”

“घेऊन न्हाय गेले. मी दिलं. हातात दिलं, वर लाडू दिले वाटेत खायला.”

“का पण आक्का? एवढं मोठं पत्र…”

“गावातनं जावं म्हणून.” आणि त्या शेंगा फोडत राहिल्या. मी गप्प बसले की माणसं बोलतात, हे मला चळवळीत कुणी शिकवलं नाही. तिथं कुणीच गप्प बसत नाही. पण त्या दिवशी बसले.

“तुला पुढचं पान पाहिजे न्हवं? ऐक मग.” आणि शाळेत कविता म्हणायच्या तशा त्यांनी ते म्हणून दाखवलं, एकही शब्द न अडखळता. “आणि तुमच्या यजमानांच्या कवितेबद्दल सांगायचं तर, त्यांना कविता करू देऊ नका असं मी कसं म्हणू? पण कृपा करून मोठ्यानं म्हणू देऊ नका. मी स्टेजवर त्यांची पाठ थोपटली हे खोटं होतं, आणि ते मला टोचतं आहे. पण ज्या माणसानं स्वतःचं अंथरूण मला दिलं, आणि पहाटे मी उठलो तेव्हा दाराशी रिकाम्या पोत्यांवर झोपलेला दिसला, त्याच्याशी खरं बोलायची मला हिंमत झाली नाही. हे पत्र त्यांना दाखवू नका.”

मला हसू आलं. मग माझ्या लक्षात आलं की आक्का हसत नाहीत.

“शाळेत आलतं म्हणून वाचलं. घरी न्हेलंच न्हाय. ह्यास्नी सांगितलं, तुमच्या कवितेचं लई कौतुक केलंय. म्हणले, आण बघू. मी म्हटलं, शाळेच्या पत्त्यावर आलेलं पत्र म्हणजे शाळेची मालमत्ता, घरी आणता येत न्हाय. सोसायटीतला माणूस. मालमत्ता म्हटल्यावर परत विचारलं न्हाय.” त्यांनी टरफलं बाजूला सारली. “त्या एका थापेवर हे एवढी वर्षं उभं हाईत गं. सोसायटीत साहेबानं लई छळलं ह्यास्नी, दोनदा बढती हुकली, घरी येऊन म्हणायचे, जाऊ दे, माझी कविता त्यास्नी काय कळणार, ज्याला कळायची त्याला कळली. आता स्टेजवर उभं राहून, चष्मा लावून, सोताच्या तोंडानं वाचणार. सगळ्या गावापुढं.”

डोळ्यांसमोर ते आलंच. आप्पा, इस्त्रीचा सदरा, माइक, पान उलटतायत.

“आपण वाचायचं नाही असं अण्णांना सांगू,” मी म्हटलं.

“अण्णाला काय सांगशील? का म्हणून विचारलं तर?”

“मग मी बोली लावत नाही.”

“मग दुसरा लावंल. तूच तर सगळ्यास्नी पेटवलंस की!”

 आयुष्यभर मी लोकांना सांगत आले, की कागद दाबून ठेवू नका, जे आहे ते लोकांसमोर आणा. कचेरीतल्या साहेबांना तोंडावर सांगितलंय. आणि इथं शेंगांच्या टरफलात बसून मला वाटत होतं, की हा एक कागद काही करून दाबला गेला पाहिजे.

पुढचे दिवस मी शक्य ते केलं. कमिटीला सुचवलं, की वर्गणीतून वाचनालयाचं गळकं छप्पर करू. अण्णा म्हणाले, “कालपर्यंत पत्र पत्र करून नाचत हुतीस, आज छप्पर? कुणी फोडलं तुला?” पत्रकाची दुसरी आवृत्ती काढली नाही, तर चिकोडीहून एका कार्यकर्त्याचा फोन आला, की ताई, आमच्याकडं कधी वाटायचं? माझ्याच पत्रकातल्या घोषणा पोरं माझ्याच तोंडावर फेकत होती. पत्रक चांगलं झालं होतं. त्याचाच त्रास.

लिलावाच्या दिवशी वाचनालयात उभं राहायला जागा नव्हती. शाळेचा प्रोजेक्टर आणून भिंतीवर चादर लावली होती. आक्काही आल्या होत्या, मागच्या बाकावर, पदर घट्ट ओढून. आप्पा पुढं, माझ्या शेजारी. त्यांनी खरोखरच इस्त्रीचा सदरा घातला होता. दुसऱ्या बाजूला अण्णा, ठरावाची प्रत घेऊन.

पुकारणारी बाई इंग्रजीत भराभर बोलत होती. आधी कुणाचं चित्र गेलं, कुणाचं जुनं फाउंटन पेन गेलं. मग चादरीवर आमच्या शाळेचा पत्ता आला आणि सगळे एकदम बोलायला लागले. अण्णांनी दम दिला, “गप्प बसा रं! भाव वाढतोय तुमच्या आवाजानं!”

मी बटण दाबलं. प्रत्येक वेळी दाबलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण न दाबायची संधीच अण्णांनी दिली नाही. माझ्या बोटाकडं ते असं बघत होते, जणू मी पेंटचा डबा सांडणार आहे. समोर कुणीतरी एकच माणूस होता, आमच्यावर एकेक पायरी चढत. आम्ही चढलो की तो चढायचा. लोक त्याला शिव्या द्यायला लागले. “मुंबईचा शेट असणार.” “पुण्याचा असंल, पुण्याची माणसं अशी हट्टी असत्यात.” मी मनात म्हणत होते, चढ बाबा. थांबू नकोस. तुझ्या घरी सोन्याची कौलं लागू देत.

तो चढला. आमचा ठराव संपला.

“अजून एकदा दाब,” आप्पा म्हणाले.

“आप्पा, ठराव…”

“मी देतो वरचं. माझं मी देतो. दाब पोरी.” ते माझ्या खुर्चीची पाठ धरून उठले होते. “एक पायरी. फकस्त एक. पुढचं पान बघू दे मला.”

मी मागं वळून बघितलं. आक्का स्वतःच्या पायांच्या बोटांकडं बघत होत्या. माझं बोट बटणावर होतं, आणि मला खरंच माहीत नाही, की पुढच्या क्षणी मी काय केलं असतं.

अण्णांनी ठरावाची प्रत लॅपटॉपवर ठेवली, बरोबर बटणांवर. “आप्पा, कमिटीच्या ठरावाबाहेर मी देवालाबी जाऊ देणार न्हाय. बसा खाली.”

तिकडं बाईनं हातोडा आपटला. पत्र गेलं.

मी टेबलावर डोकं टेकलं, आणि लोकांना वाटलं पोरगी रडतेय. कुणीतरी पाणी आणलं. मी डोळे पुसले, कारण खरंच पाणी आलं होतं, पण ते कशाचं, हे त्या खोलीत एकाच माणसाला कळलं. मागच्या बाकावर आक्कांनी पदर सैल सोडला होता आणि शेजारणीला विचारत होत्या, तुझ्या सुनेचं कसं चाललंय.

सगळे आप्पांभोवती जमले. मग ते उठले, सदरा नीट केला आणि म्हणाले, “किती चढला बघा गडी! पुढच्या पानात कायतरी असल्याबिगर का एवढा चढंल कोण?”

आणि ते घरी गेले, आले होते त्यापेक्षा ताठ.

इथं हे संपायला हवं होतं. पण आठवडाभरानं मी ऑफिसात जेवणाचा डबा उघडत असताना अनोळखी नंबरवरून फोन आला.

“तुमचं पत्रक मिळालं मला. त्यावर नंबर होता. पत्र मी घेतलंय.”

“कुठून बोलताय?” मी विचारलं. मुंबई की पुणे एवढंच ऐकायचं होतं.

“निपाणीहून.”

मी डबा बंद केला. सीमाभागाचा ठेवा सीमाभागाबाहेर चालला म्हणून मी मोठ्ठ्या अक्षरात छापलं होतं, आणि तो बसनं जाऊन संध्याकाळी परत येता येईल एवढ्या अंतरावर गेला होता. फोनवरचे गृहस्थ दातांचे डॉक्टर होते, आता दवाखाना बंद केलेले. त्या लेखकांची पुस्तकं वाचून मोठे झालेले. म्हणाले, “संमेलनाचं कळलं. येईन म्हणतो. पत्र घेऊन.”

रविवारी मी निपाणीची बस पकडली. वाटभर मनात पत्रक लिहिल्यागत वाक्यं जुळवत होते, पहिली ओळ काय, मागणी काय. तंबाखूच्या वखारींच्या गल्लीतून विचारत त्यांच्या घरी पोचले, आणि खुर्चीत बसल्या बसल्या सगळी वाक्यं विसरले.

“डॉक्टर, तुम्ही पत्र आणू नका,” एवढंच म्हटलं.

त्यांनी मला शांतपणे पाहिलं. दातांच्या डॉक्टरांना माणूस कुठं दुखतंय हे सांगायच्या आधी कळत असावं.

“ते यजमान आहेत अजून?”

“आहेत. रोज पहिलं पान वाचतात.”

“आणि दुसरं त्यांना ठाऊक नाही.”

“नाही.”

“म्हणूनच आधी फोन केला तुम्हाला. दुसरं पान वाचलं आणि वाटलं, हे लोक मागतायत खरं, पण यांना माहीत आहे का, आपण काय मागतोय?” त्यांनी कपाट उघडलंही नाही. “चाळीस वर्षं लोक माझ्यासमोर तोंड उघडून बसले. आत जे दिसतं ते सगळं सांगायचं नसतं, एवढं मी शिकलो. पहिल्या पानाची चांगली प्रत काढून देतो. फ्रेम करून. चालेल?”

मला एवढं हलकं वाटलं, की त्यांच्या पत्नीनं दिलेला चहा मी दोनदा घेतला आणि परतीची बस चुकवली.

संमेलनाला डॉक्टर आले. काखेत कागदात गुंडाळलेली फ्रेम. आप्पा वेशीवरच थांबले होते.

“आणि दुसरं पान?”

 डॉक्टरांनी त्यांचा हात हातात घेतला. “दुसरं पान माझ्याकडं निपाणीला. ते मी कुणाला देत नाही. पण त्यात एक गोष्ट आहे ती तुम्हाला सांगायलाच हवी. तुम्ही त्यांना स्वतःचं अंथरूण दिलंत आणि तुम्ही पोत्यांवर झोपलात, ते त्यांनी पहाटे बघितलं होतं. ते लिहिलंय त्यांनी.”

आप्पांचं तोंड उघडंच राहिलं. “ते… ते लिहिलंय? ते तर मी हिलासुद्धा सांगितलं न्हवतं. अंथरूण एकच धड हुतं घरात. पाव्हण्यास्नी कळू नये म्हणून ते उठायच्या आधी उठायचं ठरवलंतं, पर डोळा लागला.” आणि मग त्यांनी कवितेबद्दल विचारलंच नाही. दिवसभर भेटेल त्याला पोत्यांची गोष्ट सांगत राहिले.

संदेशवाचनाच्या वेळी कुणीतरी ओरडलं, की फ्रेममधलं पान तरी वाचा. अण्णा माइकवर आले. “अर्धं पत्र स्टेजवर वाचता येत न्हाय. नियम हाय. ते वाचनालयात लावावं असा ठराव मी मांडतो.”

त्यांच्या बहुतेक ठरावांना मी आजवर विरोधच केला होता. त्या दिवशी सतरंजीवरून उठून, हात वर करून, लागेल तेवढ्या आवाजात मी म्हणाले, “अनुमोदन!” अण्णांनी चष्म्यावरून बघितलं. त्यांना अजून वाटतं, मी चेष्टा केली.

मग आप्पा कविता म्हणायला उभे राहिले. दरवर्षी कविता सुरू झाली की आक्का उठतात, जेवणाकडं बघून येते म्हणतात, आणि संपल्यावर येतात. मला वाटायचं, खरंच जेवण बघायला जातात. यंदा उठल्या नाहीत. माझ्या शेजारी बसून राहिल्या, मांडीवर हात ठेवून. आप्पांनी माइक जवळ ओढला, छाती भरून घेतली आणि सुरू केलं, तळ्याकाठी वड, अन् वडाकाठी तळं, आवाज असा की मांडवाबाहेरचे बैल वळून बघायला लागले.

आक्का माझ्या कानाशी वाकल्या. त्यांचे खांदे हसण्यानं हलत होते.

“किती मोठ्यानं म्हणत्यात बघ की गं,” त्या म्हणाल्या.